इथल्या हवेचा मॅप

टर्बो बसवलेल्या गाडीला कुठला ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, घालायचा, असा विषय बेळगावच्या उद्यमबागेत चहाच्या गाड्यावर निघाला की आधी नुसती नावं पडतात. कोण हॅलटेक म्हणतो, कोण लिंक, कोण इक्युमास्टर. ज्याचं बजेट आखूड तो मेगास्क्वर्टवर येतो, आणि ज्याला स्वतः सोल्डरिंग करायची हौस आहे तो स्पीडुइनोवर. नावं सगळी चांगलीच आहेत. हॅलटेक आणि मोटेक या ऑस्ट्रेलियातल्या कंपन्या 1980 च्या दशकापासून हेच काम करत आल्या आहेत. मेगास्क्वर्ट 2001 च्या सुमारास ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी हौशी लोकांनी घरी जोडावा म्हणून काढला. स्पीडुइनो तर आर्डुइनो मेगा या साध्या बोर्डावर चालतो. यातला कुठलाही नीट बसवला तर इंजिन चालवतोच. म्हणून मला वाटतं, नावाची पाळी शेवटी यावी. आधी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत: गाडी कुठल्या हवेत पळणार, टाकीत काय पडणार, आणि रात्री नऊ वाजता इंजिन अडलं तर मॅप उघडून बघणारा माणूस जवळपास कोण आहे.

माझं पोट मशीनशॉपवर चालतं. क्रँकशाफ्टचं मशीनिंग, हायड्रॉलिकचे सुटे भाग, फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवरची कामं. बेळगावात हे पिढ्यानपिढ्या चालत आलंय. इंजिनाच्या आतलं लोखंड हाताच्या ओळखीचं होतं. त्याच्या डोक्यात काय चालतं हे कळायला मात्र इथल्या इंजिनीअरिंग कॉलेजची पोरं कारण झाली. त्यांना एका जुन्या मारुती एस्टीमवर टर्बो चढवायचा होता आणि त्यासाठी ट्रिगर व्हील, म्हणजे दातांचं एक चाक, कापून हवं होतं. चाक कापून दिलं, ते कशाला लागतं ते विचारलं, आणि तिथून या नादाला लागलो तो आजपर्यंत.

इंजिनाला सतत दोनच उत्तरं हवी असतात: पेट्रोल किती, आणि ठिणगी कधी. सहा हजार आरपीएमला क्रँकचा एक फेरा 10 मिलिसेकंदात पुरा होतो, चारही स्ट्रोक 20 मिलिसेकंदांत. तेवढ्या वेळात प्रत्येक सिलिंडरला आपापली उत्तरं मिळाली पाहिजेत. बॉशनं 1967 साली फोक्सवॅगनच्या गाड्यांना डी-जेट्रॉनिक दिलं तेव्हा मॅनिफोल्डमधला दाब मोजून पेट्रोल ठरवायची पद्धत रस्त्यावर आली. 1979 च्या मोट्रॉनिकनं पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही एकाच पेटीत आणली. आजची प्रत्येक पेटी त्याच घराण्यातली. आत एक मोठा तक्ता असतो. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डचा दाब, आणि प्रत्येक घरात एक आकडा: या वेगाला, या दाबाला सिलिंडर खरोखर किती टक्के हवेनं भरतो. त्यालाच आम्ही मॅप म्हणतो.

कंपनीच्या ईसीयूनं टर्बो का चालत नाही, हे इथंच कळतं. बिनटर्बोच्या गाडीचा मॅप सेन्सर (हा मॅप वेगळा, मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचं इंग्रजी आखूड नाव) साधारण एका वातावरणाएवढाच दाब मोजायला बनवलेला असतो. टर्बोनं त्याच्यावर दाब चढवला की सेन्सर आपल्या कमाल आकड्यावर जाऊन थांबतो. आत हवा दीडपट आलेली असते, ईसीयूला वाटतं थ्रॉटल नुसता पूर्ण उघडलाय. पेट्रोल पहिल्याइतकंच, ठिणगी पहिल्याच वेळेला. पिस्टनच्या माथ्याला भोक पडायला याहून जास्त काही लागत नाही. तो पिस्टन माझ्या टेबलावर येतो तेव्हा रिंगलँड, म्हणजे रिंगांमधली पिस्टनची कड, तुटलेली असते आणि प्लगच्या पोर्सिलेनवर अॅल्युमिनियमचे बारीक मणी चिकटलेले असतात. भिंग लावून बघितलं की ते मणी चमकतात. ज्याची गाडी असते तो पोरगा तेव्हा गप्प उभा असतो, आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण टर्बो, इंटरकूलर, पाइपिंग यावर त्यानं साठवलेला सगळा पैसा ओतलेला असतो आणि डोक्यासाठी काही उरलेलं नसतं.

तर मार्ग तीन. पहिला रिफ्लॅश, म्हणजे कंपनीच्याच ईसीयूतला मॅप बदलणं. पोलो टीएसआय किंवा बलेनो आरएससारखी गाडी मुळातच टर्बोची असेल तर हाच शहाणपणाचा. तिथं ईसीयू एकटा नसतो. मीटर, एबीएस, इमोबिलायझर, स्टिअरिंग सगळे कॅनच्या, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक, तारेवरून एकमेकांशी बोलत असतात. मधला एक काढला की बाकीचे रुसतात. दुसरा मार्ग पिगीबॅक. सेन्सर आणि कंपनीच्या ईसीयूच्या मध्ये एक पेटी बसते आणि सिग्नल थोडे वाकवते. बेंगळूरच्या रेस डायनॅमिक्सची पॉवरट्रॉनिक आपल्याकडच्या पोरांना माहीत असते. बारीकसारीक बदलांना ती बरी, पण टर्बो नव्यानं चढवलेल्या इंजिनावर मला तिचा भरवसा वाटत नाही, कारण मूळ ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडं बघून हळूहळू आपली दुरुस्ती करत राहतो आणि पिगीबॅकनं केलेलं पुसत जातो. तिसरा मार्ग स्टँडअलोन: जुना ईसीयू बाहेर, नवा आत, सगळा कारभार त्याच्याकडं. जुन्या एस्टीमसारख्या गाडीला, जिच्यात कॅनची भानगडच नाही, तिला हाच.

स्टँडअलोन घ्यायचा ठरला की माझी पहिली अट एकच: मॅप उघडा हवा. मोठ्या शहरातून ट्यून होऊन आलेल्या, पासवर्ड लावलेल्या पेट्या मी बघितल्यात. लॅपटॉप लावला की नुसतं कुलूप दिसतं. देणाऱ्याचं म्हणणं असतं, मॅप ही माझी मेहनत आहे, ती फुकट कॉपी होऊ नये. त्याच्या जागी ते बरोबर असेल. पण गाडी निपाणीत उभी आहे, इंजिन बूस्टमध्ये, म्हणजे टर्बोचा जादा दाब असताना, अडखळतंय, आणि ट्यूनर फोनवर म्हणतोय की घेऊन या, बघू. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून घाट उतरायला सांगितल्यासारखं आहे हे. म्हणून पैसे देण्याआधी लिहून घ्या, की मॅपची फाइल पासवर्डशिवाय आपल्या हातात मिळेल.

आता हवा. मला सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय हा.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे. इथं हवेचा दाब 92-93 किलोपास्कलच्या आसपास असतो, समुद्रकिनाऱ्यावर 101. म्हणजे इथं इंजिन उभं असतानाच त्याला किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्के हवा कमी. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्यापर्यंत रस्ता पठारावरच राहतो, आणि मग घाट सुरू झाला की गोव्यातल्या साखळीपर्यंत सगळी उंची एकदम संपते. तासाभरात इंजिनानं दोन वेगळ्या हवा बघितलेल्या असतात.

बाहेरून आणलेला मॅप इथं फसतो तो याच जागी, आणि कसा ते नीट समजून घेतलं पाहिजे. वेस्टगेटची, म्हणजे टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेची, स्प्रिंग बाहेरच्या हवेच्या तुलनेत काम करते. स्प्रिंग अर्ध्या बारची, म्हणजे 50 किलोपास्कलची, असेल तर बेळगावात मॅनिफोल्डमधला एकूण दाब होतो सुमारे 143 किलोपास्कल, पणजीत 151. बेळगावात महिनाभर ट्यून केलं, सगळं लोण्यासारखं चाललं, तरी 150 च्या ओळीला इंजिन कधी गेलेलंच नसतं. त्या ओळीतले आकडे बेस मॅपमधून, म्हणजे सुरुवातीला घातलेल्या तयार मॅपमधून, आलेले, कुणी न तपासलेले. गाडी गोव्यात उतरली आणि पहिल्यांदा पूर्ण थ्रॉटल दिला की इंजिन बरोबर त्या ओळीत जातं. कुणी ओव्हरबूस्ट कट, म्हणजे दाब जास्त झाला की इंजिन तोडणारी मर्यादा, 150 वर ठेवलेला असेल तर इंजिन धाडकन बंद पडल्यासारखं होतं, आणि मग लोक फ्युएल पंप बदलत बसतात.

म्हणून ईसीयू निवडताना मी विचारतो: बॅरोमेट्रिक दाबासाठी वेगळा सेन्सर लावता येतो का? पुष्कळ पेट्या किल्ली फिरवताना मॅप सेन्सर जे वाचतो तेवढंच बॅरो म्हणून धरून ठेवतात. घाटात आपण इंजिन बंद करत नाही, त्यामुळं खाली उतरल्यावरही त्यांच्या लेखी आपण बेळगावातच असतो. दाब मोजून पेट्रोल ठरवणाऱ्या पद्धतीत, म्हणजे स्पीड-डेन्सिटीत, यानं फार बिघडत नाही. सेन्सर एकूण दाबच वाचतो, मुख्य हिशेब आपोआप जमतो. थ्रॉटलच्या कोनावर चालणाऱ्या अल्फा-एनमध्ये मात्र सगळा भार बॅरोवरच असतो. आमच्या भागात टर्बोला स्पीड-डेन्सिटीच घ्यावी, या मतावर मी ठाम आहे. आणि बूस्टचं टार्गेट गेज दाबात, म्हणजे बाहेरच्या हवेच्या वर किती, असं ठेवायचं की एकूण दाबात, हेही आधी ठरवावं. एकूण दाबात ठेवलं तर बेळगावात टर्बोला जास्त फिरावं लागतं, पण तक्त्यातली ओळ वर आणि खाली एकच राहते. मला हे दुसरं पसंत.

पेट्रोलचीही तीच गत. चिकोडी, रायबाग, अथणी, गोकाक, हुक्केरी हा सगळा उसाचा पट्टा. हंगामात ज्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागं आपण तासभर खोळंबतो, त्या उसातून साखर निघते तसं इथेनॉलही निघतं. देशात 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची विक्री फेब्रुवारी 2023 मध्ये सुरू झाली, आणि आता पंपावर तेच मिळतं. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनानं 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला फक्त 9 पट. 20 टक्क्यांच्या मिश्रणाचा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. परदेशातल्या कुणाचा त्याच इंजिनाचा बेस मॅप उतरवून घातला तर तो सात-आठ टक्के लीन, म्हणजे पेट्रोलला कमी, बसणार हे उघड आहे. बिनटर्बोच्या गाडीत क्रूझला तेवढं खपून जातं. एका बारच्या बूस्टवर नाही.

पण इथेनॉलला मी दूषण देणार नाही. ते सिलिंडरमध्ये उडताना उष्णता शोषून घेतं, आणि नॉकिंगला, म्हणजे मिश्रण आपोआप अवेळी फुटण्याला, पेट्रोलपेक्षा चांगलं तोंड देतं. टर्बोच्या इंजिनाला हेच दोन गुण हवे असतात. फक्त त्याचा खर्च जास्त, म्हणून इंजेक्टर मोठे लागतात. आमच्या एस्टीमचा हिशेब असा केला: 150 अश्वशक्ती धरली, टर्बो इंजिन दर अश्वशक्तीला तासाला सुमारे 0.6 पौंड पेट्रोल खातं, चार इंजेक्टर, आणि ते 80 टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडे ठेवायचे नाहीत. उत्तर येतं प्रत्येकी मिनिटाला 300 सीसीच्या आसपास. इथेनॉलमुळं त्यावर थोडं चढवायचं आणि पुढं जागा राहावी म्हणून आणखी थोडं. पोरांनी 380 चे घेतले. 1000 सीसीचे स्वस्तात मिळत होते, पण एवढे मोठे इंजेक्टर आयडलला इतका कमी वेळ उघडतात की तिथं त्यांचं वागणं सरळ राहत नाही. गाडी सिग्नलला धक्के खात उभी राहते.

यातून दुसरी अट निघते. वाइडबँड, म्हणजे धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणारा सेन्सर, आणि त्याची नोंद ठेवणारा लॉग. ज्याच्या ईसीयूला लॉग नीट घेता येत नाही त्यानं टर्बोच्या नादी लागू नये. आणि आकडे बघताना हवा-पेट्रोलच्या गुणोत्तरात न बघता लॅम्डामध्ये बघायची सवय लावावी. लॅम्डा म्हणजे पूर्ण जळायला लागते त्याच्या किती पट हवा आहे; एकाच्या खाली गेला की पेट्रोल जास्त. सेन्सर मुळात लॅम्डाच मोजतो. बूस्टमध्ये लॅम्डा 0.80 च्या आसपास हवा म्हटलं की पंपावर दहा टक्के इथेनॉल असो की वीस, अर्थ बदलत नाही. पुढचं पाऊल म्हणजे इथेनॉलचा सेन्सर. तो पेट्रोलच्या नळीत बसतो आणि शून्य टक्क्याला 50 हर्ट्झ, शंभर टक्क्यांना 150 हर्ट्झ असा सिग्नल देतो. ईसीयूला तो वाचता येत असेल तर दर पंपाला मॅप हलवायची कटकट जाते.

वायरिंगबद्दल फार लिहीत नाही, पण निम्मी दुखणी तिथलीच. आमचे वायरिंगवाले अण्णा कन्नड बोलणारे, पोरं मराठी, सॉफ्टवेअर इंग्रजी, आणि कामात कधी भाषा आडवी आली नाही. क्रँक सेन्सरची शील्ड वायर टाकताना एका पोरानं विचारलं, "अण्णा, शील्ड दोन्ही टोकांना अर्थ करूया काय?" अण्णा म्हणाले, "नको की. ईसीयूकडंच कर. दोन्हीकडं केलास तर शील्डमधनंच करंट फिरतंय, मग नॉइज तूच आत घातल्यासारखं होतंय." सेन्सरचे सगळे अर्थ ईसीयूच्या एकाच पिनवर आणि कॉइल-इंजेक्टरचे जाड अर्थ थेट इंजिनच्या ब्लॉकवर, हा त्यांचा नियम. त्यांनी केलेल्या हार्नेसमध्ये मला आजवर फॉल्ट सापडलेला नाही.

ट्रिगर व्हील हे माझं खातं. 36 दातांचं, त्यातला एक गाळलेला. त्या रिकाम्या जागेवरून ईसीयूला कळतं की क्रँक कुठं आहे. माइल्ड स्टीलच्या प्लेटमधून वायरकट मशीनवर कापलं. इथं स्टेनलेस किंवा अॅल्युमिनियम चालत नाही, सेन्सर चुंबकाचा आहे. पुलीवर बसवून डायल लावला आणि रनआऊट, म्हणजे फिरताना होणारं डगमगणं, पॉइंट झिरो फाइव्ह मिलिमीटरच्या आत आणलं, कारण सेन्सर आणि दात यांच्यात गॅप जेमतेम एक मिलिमीटर. चाक हलकं वाकडं फिरलं तर एका बाजूला सिग्नल दांडगा, दुसऱ्या बाजूला मेलेला, आणि पाच हजार आरपीएमला इंजिन अचानक ठिणगी सोडून देतं.

मग टायमिंग लाइट. ट्यूनिंगमधली सगळ्यात महत्त्वाची दहा मिनिटं हीच, आणि लोक हीच टाळतात. सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग 10 अंशांवर कुलूपबंद करायचं, इंजिन चालू करायचं आणि पुलीवर लाइट मारायचा. खूण आधी खडूनं पांढरी केलेली. शटर अर्धं खाली ओढून शॉपमध्ये अंधार केला होता. लाइटच्या प्रत्येक चमकेला पांढरी रेघ कव्हरवरच्या दहाच्या खुणेसमोर गोठल्यासारखी उभी. पोरांनी हुश्श केलं. मी म्हटलं, आता चार हजारावर न्या. रेघ सरकायला लागली. वेग वाढेल तशी हळूहळू मागं, दोन अंश, तीन अंश. लॅपटॉप अजून दहाच दाखवत होता. सेन्सरच्या दोन वायरी उलट्या लागल्या होत्या. असा सेन्सर उलटा लागला की ईसीयू दाताची चुकीची कड धरतो आणि वेगाबरोबर टायमिंग सरकतं. वायरी बदलल्या, रेघ आयडलपासून चार हजारापर्यंत जागेवर राहिली. हे न बघता पुढं गेलो असतो तर मॅपमधला ठिणगीचा प्रत्येक आकडा खोटा ठरला असता, आणि तो खोटा आहे हे कळायला दुसरी कुठलीच सोय नव्हती.

त्यानंतरचं काम शांतपणे करायचं आहे. आधी इंजेक्टरचा डेड टाइम, म्हणजे करंट मिळाल्यापासून तो खरा उघडेपर्यंतचा वेळ; 14 व्होल्टला साधारण एक मिलिसेकंद, व्होल्टेज पडलं की वाढतो. मग आयडल, मग क्रूझ, मग बूस्टच्या दारातल्या ओळी. वेस्टगेट स्प्रिंगवर जेवढा बूस्ट येतो त्याच्यावर सुरुवातीला अजिबात जायचं नाही. पेट्रोल आधी, ठिणगी नंतर. ठिणगी मुद्दाम मागं, म्हणजे थोडी उशिरा, ठेवायची. दर पौंड बूस्टला साधारण एक अंश मागं, हा जुना ढोबळ आकडा सुरुवातीला बरा. मग एकेक अंश पुढं आणत जायचं. ज्या अंशाला टॉर्क वाढायचा थांबला तिथं आपणही थांबायचं, आणि त्याच्याआधी नॉक ऐकू आला तर दोन अंश मागं येऊन ती जागा कायमची लिहून ठेवायची. डायनोशिवाय, म्हणजे गाडी जागेवर पळवून तिची ताकद मोजणाऱ्या यंत्राशिवाय, टॉर्क नेमका कुठं थांबला ते कळत नाही, म्हणून बूस्टमधलं काम डायनोवरच करा असा माझा आग्रह आहे. त्यासाठी गाडी ट्रकवर घालून बेंगळूरची वाट धरावी लागली तरी चालेल.

नॉक ऐकायची गोष्ट सांगतो. सिलिंडरच्या बोअरवरून नॉकचा सूर ठरतो. एस्टीमच्या 74 मिलिमीटर बोअरला तो साडेसात ते आठ हजार हर्ट्झच्या मध्ये येतो, आणि ईसीयूचा नॉक सेन्सर तेवढाच सूर ऐकेल असा लावता येतो. पण नवा इंजिन-सेन्सर-ब्रॅकेटचा संच असला की आधी मी स्वतःच्या कानावर विसंबतो. फ्रिज दुरुस्तीवाल्याकडून तांब्याची नळी आणली, एक टोक चेपून भोक पाडलं आणि ब्लॉकवर बोल्टनं आवळलं. दुसऱ्या टोकाला रबरी नळी, तिच्या टोकाला फाउंड्रीतले कानावरचे मफ. गाडी डायनोवर पळते तेव्हा त्यातून पिस्टनची टकटक, व्हॉल्व्हचा खडखडाट, टर्बोची शीळ सगळं एकजीव येतं. त्यात नॉक आला तर तो वेगळाच असतो; तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तसा कोरडा, तुटक. एकदा ऐकला की विसरत नाही. लॉगमध्ये त्याच क्षणावर बोट ठेवून सेन्सरनंही तो पकडला का ते बघायचं. कान आणि सेन्सर दोन्ही एकमताचे झाले की मग सेन्सरवर जबाबदारी टाकायची. स्वीडनच्या साबनं 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे तत्त्व कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांत आणलं होतं. एपीसी नावाची त्यांची यंत्रणा नॉक ऐकून बूस्ट आपोआप खाली आणायची, त्यामुळं ज्या पेट्रोलचा भरवसा नाही त्यावरही इंजिन वाचायचं. आपल्या पंपांची तऱ्हा बघता मला त्या इंजिनीअरांबद्दल फार आदर वाटतो.

तिसरी अट, आणि माझ्या लेखी पैसे द्यावेत ती याच गोष्टीचे: वाईट दिवशी ईसीयू काय करतो. बूस्टमध्ये लॅम्डा ठरलेल्या रेषेच्या वर क्षणभर जरी गेला तरी त्यानं बूस्ट सोडून पेट्रोल पूर्ण बंद केलं पाहिजे. पूर्ण बंद, कमी नव्हे. कमी पेट्रोल हेच तर मारतं. ऑइल प्रेशर आणि फ्युएल प्रेशरचे सेन्सर त्याला वाचता यावेत. फ्युएल प्रेशर मॅनिफोल्डच्या दाबाबरोबर तेवढाच वाढला पाहिजे, नाहीतर बूस्ट जितका चढेल तितका इंजेक्टरचा जोर कमी. पंप दमला, फिल्टर चोंदला, टाकीत पेट्रोल कमी असताना वळणावर हवा ओढली, या सगळ्याची बातमी फ्युएल प्रेशरच पहिल्यांदा देतो. चालवणाऱ्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. स्वस्त पेटी ही कामं करत असेल तर स्वस्त घ्या, मला काही अडचण नाही. महागडी घेऊन हे सगळे पर्याय बंद ठेवलेले मी जास्त बघितलेत.

एक गोष्ट पोरांच्या आईवडिलांसमोरही मी स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणं गाडीचं मूळ स्वरूप असं मनाला येईल तसं बदलता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितलंय. केए-22 असो, एमएच-09 असो की गोव्याची पाटी, कायदा एकच. म्हणून आमची एस्टीम ट्रकवर चढूनच मैदानात जाते. चोर्ल्याच्या वळणांवर शाळेची पोरं चालत असतात, गुरं असतात, पावसाळ्यात धुकं इतकं की बॉनेट दिसत नाही. तिथं मॅप तपासायला जाणाऱ्याला मी माझ्या शॉपमध्ये घेत नाही.

एस्टीमचं काम सध्या बरंच पुढं आलंय. डायनोवर 150 च्या ओळीपर्यंत सगळी घरं तपासून झाली, त्याच्या वरच्या ओळींत पेट्रोल मुद्दाम जास्त आणि ठिणगी मागं ठेवलीय, म्हणजे गोव्यातल्या मैदानावर चुकून तिथं गेलं तरी इंजिन शाबूत राहील. प्रत्येक मॅपच्या फाइलच्या नावात तारीख, हवेचं तापमान, बॅरो आणि पंप लिहायची शिस्त पोरांनी लावून घेतलीय. राहिलंय ते कोल्ड स्टार्टचं टेबल. इथेनॉलचं पेट्रोल थंडीत पेटायला कुरकुरतं, आणि हे काम एप्रिलमध्ये करता येत नाही. डिसेंबरात बेळगावची पहाट पंधराच्या खाली जाते, तेव्हा गाडी रात्रभर बाहेर उभी ठेवून एकदाच, पहिल्या स्टार्टला, जे शिकायचं ते शिकायचं. दुसरी संधी दुसऱ्या दिवशी. त्याच्याआधी बॅटरी बदलायला सांगितलीय. जुनी क्रँक करताना नऊ व्होल्टपर्यंत उतरते, आणि तेवढ्या व्होल्टेजला या इंजेक्टरांचा डेड टाइम किती, हे आम्ही अजून मोजलेलं नाही.